उंदराचे यकृत आणि नेमका प्रश्न

‘उंदीर म्हणजे माणूस नव्हे’ हे वाक्य अलीकडे फार मानाने मिरवू लागले आहे. व्याख्यानाच्या ओघात ते आले की श्रोत्यांच्या माना डोलतात आणि वक्त्यास पुढे काही सिद्ध करून दाखविण्याची आवश्यकता उरत नाही. आमच्या इंदुरातही गेल्या वर्षभरात मी ते तीन निरनिराळ्या व्यासपीठांवरून ऐकले. एकदा अहिंसेच्या नावाने, एकदा आयुर्वेदाच्या नावाने आणि एकदा, आश्चर्य म्हणजे, अत्याधुनिक विज्ञानाच्या नावाने. वाक्य खरे आहे, याविषयी वाद नाही. परंतु खसऱ्याचा उतारा म्हणजे शेत नव्हे, हेही तितकेच खरे आहे. उताऱ्यावर गहू पिकत नाही. तरीही बांधाचा तंटा उभा राहिला की उतारा पाहावाच लागतो, आणि तो कोणत्या सालचा, कोणी लिहिलेला, कोणत्या नोंदीपुरता ग्राह्य, हे विचारावे लागते. उतारा म्हणजे शेत नव्हे असे म्हणून तो फाडणारा आणि उतारा म्हणजेच शेत असे मानून भांडणारा, दोघेही तहसील कचेरीत सारखेच निरुपयोगी.

साहित्यविषयक पत्रिकेत यकृताचे काय काम, असे कोणी विचारील. ज्या विषयावर सभागृहात टाळ्या घेतल्या जातात, त्या विषयावर लेखी उत्तरही देता आले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे. माझी पदवी प्राणिशास्त्राची, तीही चाळीसेक वर्षांपूर्वीची. पुढची सारी हयात शासकीय सेवेत नस्त्या, टिपण्या आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप यांत गेली. तेव्हा तज्ज्ञ म्हणून मी हे लिहीत नाही. मात्र कोणत्या प्रश्नासाठी कोणता पुरावा मागितला आणि आलेला पुरावा त्याच प्रश्नाचा आहे काय, एवढे पाहण्याची सवय त्या नोकरीने लावली, आणि या वादात नेमकी तीच सवय कोणी वापरताना दिसत नाही.

माझी भूमिका प्रथमच सांगून टाकतो. प्राण्यांवरील प्रयोगांचे घाऊक समर्थन करता येत नाही आणि घाऊक निषेधही करता येत नाही. ज्या प्रयोगामागे नेमका प्रश्न आहे आणि जो प्रश्न जिवंत देहावाचून सुटणारा नाही, तो प्रयोग करण्याचा अधिकार माणसाला आहे असे मी मानतो. ज्यामागचा प्रश्न ढोबळ आहे, किंवा प्रश्न नेमका असूनही तुलना कच्ची आहे, तो प्रयोग क्रूर आहे. मग तो जगातील कितीही मोठ्या विद्यापीठात होवो. याची परीक्षा पाहण्यासाठी मी मुद्दाम एक अवघड उदाहरण घेतो: केवळ यकृतातील एकच जनुक बाद केलेले उंदीर. अहिंसावादी मित्रांना हा प्रकार विशेष अघोरी वाटतो. मला तो, योग्य रीतीने केला असता, या साऱ्या शास्त्रातील सर्वांत समर्थनीय प्रकार वाटतो.

प्रथम तो प्रकार काय आहे ते पाहू. एखादे जनुक काय काम करते हे समजण्याचा सरळ मार्ग म्हणजे ते काढून टाकून काय बिघडते ते पाहणे. भ्रूणीय मूलपेशींत हवे ते जनुक निकामी करून तशा पेशींपासून उंदीर वाढविण्याची विद्या १९८९ मध्ये प्रत्यक्षात आली. तिच्यासाठी मारिओ कॅपेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या उंदरांना ‘नॉकआऊट’ उंदीर म्हणतात. पण या विद्येत एक मोठी अडचण होती. जनुक बाद होते ते सर्व देहातून, आणि गर्भावस्थेपासून. इन्शुलिन पेशीवरील ज्या प्रथिनाला चिकटते, त्याला रिसेप्टर म्हणतात. त्या रिसेप्टरचे जनुक नसलेले उंदीर १९९६ मध्ये तयार करण्यात आले. पिल्ले जन्माला आली तेव्हा जवळजवळ निरोगी दिसत होती. दूध पिऊ लागताच रक्तातील साखर भडकली आणि काही दिवसांतच ती मेली. इन्शुलिनचा संदेश ऐकू आला नाही तर प्राणी जगत नाही, एवढे कळले. पण हा संदेश कोणत्या अवयवाने ऐकणे किती महत्त्वाचे, हे कसे कळावे? स्नायूंनी? चरबीने? यकृताने? सगळ्यांचेच कान एकदम बंद केल्यावर त्याचा निवाडा होणे शक्य नव्हते.

ही अडचण सुटली ती एका विषाणूमुळे. पी१ नावाचा एक विषाणू जिवाणूंना ग्रासतो. त्याच्याजवळ ‘क्रे’ नावाचे एक प्रथिन असते. डीएनएमध्ये ३४ अक्षरांची एक ठरावीक खूण दोन ठिकाणी एकाच दिशेने आढळली, की हे प्रथिन दोन खुणांमधला मजकूर कापून काढते आणि उरलेली टोके जोडून देते. त्या खुणेला ‘लॉक्सपी’ म्हणतात. सस्तन प्राण्यांच्या पेशींतही ही कात्री चालते, हे १९८८ मध्ये ब्रायन सॉअर यांनी दाखविले. पुढची कल्पना सोपी, पण विलक्षण. एका उंदराच्या जनुकाभोवती या दोन खुणा ठेवायच्या. नुसत्या खुणांनी जनुकाचे काही बिघडत नाही. दुसऱ्या उंदरात कात्री ठेवायची, पण ती एकाच प्रकारच्या पेशींत तयार व्हावी अशी. मग दोघांच्या वंशाचा संकर करायचा. जर्मनीतील कोलोन येथे क्लाउस राजेव्स्की यांच्या गटाने १९९४ मध्ये रक्तातील टी पेशींपुरते एक जनुक अशा रीतीने बाद करून दाखविले.

यकृतासाठी कात्रीला कुलूप कोणते लावायचे? आपल्या रक्ततपासणीच्या कागदावर अल्ब्युमिन नावाचा एक आकडा असतो. ते प्रथिन यकृतातील मुख्य पेशीच बनवितात. त्या जनुकाला चालू करणारा जो डीएनएचा भाग, तोच क्रेच्या जनुकापुढे जोडला की कात्री फक्त त्या पेशींत तयार होते. अमेरिकेत नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात मार्क मॅग्नसन यांच्या गटाने असे उंदीर तयार केले आणि १९९९ मध्ये त्यांचा पहिला मोठा उपयोग प्रसिद्ध झाला. तेव्हापासून यकृताच्या संशोधनात हीच कात्री सर्वाधिक वापरली जाते. (जाता जाता: बातमीसोबत छापतात तो पांढराशुभ्र उंदीर या कामात क्वचितच असतो. बहुतेक काम ज्या जातीवर चालते ती काळी आहे.)

आता इन्शुलिनच्या प्रश्नाकडे परत येऊ. बोस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रात रोनाल्ड कान यांच्या गटाने प्रथम, १९९८ मध्ये, फक्त स्नायूंतील रिसेप्टर बाद केला. जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायू शोषून घेतात, असे पाठ्यपुस्तके शिकवीत होती. तेव्हा हे उंदीर मधुमेही व्हावेत अशी अपेक्षा होती. ते झाले नाहीत. रक्तातील चरबी वाढली, अंगावरील मेदही वाढला, पण साखर ठाकठीक राहिली. नंतर २००० मध्ये त्याच गटाने मॅग्नसन यांच्या कात्रीने फक्त यकृतातील रिसेप्टर काढला, तेव्हा चित्र पालटले. साखर चढली, इन्शुलिनची पातळी प्रचंड वाढली, बाहेरून दिलेले इन्शुलिनही यकृताचे साखर बनविणे थांबवू शकेना, आणि स्वादुपिंडातील इन्शुलिन बनविणाऱ्या पेशींची संख्या कितीतरी वाढली.

इथे पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो थेट आपल्या घरातला आहे. साठी ओलांडलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या तपासणीच्या कागदावर साखर आणि ट्रायग्लिसराइड हे दोन्ही आकडे जोडीने वाढलेले असतात, आणि सोनोग्राफीच्या अहवालात यकृतात चरबी साठल्याचा शेरा असतो. डॉक्टर सांगतात, शरीर इन्शुलिनला दाद देत नाही. पण यकृत इन्शुलिनला मुळीच दाद देत नसेल, तर चरबी का वाढावी? यकृताला चरबी बनविण्याचा आदेशही इन्शुलिनच देते! ज्यांच्या यकृतातील रिसेप्टर काढून टाकला होता, त्या उंदरांत साखर वाढली. ट्रायग्लिसराइड मात्र वाढले नाही, उलट कमी झाले. डॅलसचे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी २००८ मध्ये या विसंगतीवर बोट ठेवले. सामान्य मधुमेही माणसाचे यकृत पूर्ण बहिरे नसते. एकाच परिपत्रकातील एक कलम ते बासनात गुंडाळून ठेवते आणि दुसरे कलम इमानेइतबारे पाळते. साखर बनविणे थांबवा, हा आदेश पाळला जात नाही. चरबी बनवा, हा पाळला जातो.

आणि ‘उंदीर म्हणजे माणूस नव्हे’? इन्शुलिनच्या रिसेप्टरमध्ये जन्मतः दोष असलेली माणसे जगात थोडी आहेत. केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ मध्ये त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा त्यांच्यातही इन्शुलिनला जबरदस्त विरोध आढळला. परंतु यकृतात चरबी नव्हती आणि ट्रायग्लिसराइडही वाढलेले नव्हते. या एका प्रश्नापुरता उंदराचा उतारा माणसाच्या शेताशी जुळला. सर्व बाबतींत जुळत नाही, हेही इथेच नोंदवितो. रिसेप्टर मुळीच नसलेली उंदराची पिल्ले काही दिवसांत मरतात. ज्या मानवी बालकांत हा दोष अत्यंत तीव्र असतो, ती बहुधा काही महिने ते वर्ष-दोन वर्षे जगतात, आणि उपाशी असताना त्यांची साखर चढण्याऐवजी पार खाली उतरते. फरक कुठे आणि साम्य कुठे, हे एकेका प्रश्नाला धरून तपासावे लागते. टाळीच्या वाक्याने ते कळत नाही.

विरोधकांचा सर्वांत बळकट पुरावा मी स्वतःच पुढे ठेवतो, कारण तो यकृताचाच आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे यकृताच्या ‘ब’ प्रकारच्या काविळीवर फायालुरिडीन या औषधाची चाचणी चालू होती. पंधरा रुग्ण होते. सात जणांचे यकृत निकामी झाले. पाच जण दगावले, दोघे यकृतारोपणामुळे वाचले. उंदीर, कुत्री, माकडे यांवरील आधीच्या चाचण्यांनी या धोक्याची सूचना दिली नव्हती. ही घटना ऐकून कोणाचाही प्राण्यांवरील चाचणीवरचा विश्वास डळमळावा, आणि तो डळमळणे योग्यही आहे. पण वक्ते इथेच थांबतात, तेथून पुढे जात नाहीत. हे औषध पेशीतील मायटोकॉन्ड्रियांत शिरले की घात करते. त्याला आत नेणारे वाहक प्रथिन माणसाच्या पेशीत मायटोकॉन्ड्रियावर असते, उंदराच्या पेशीत ते तेथे नसते, असे २००६ मध्ये दाखविले गेले. आणि २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने, ज्यांच्या यकृताची जागा मानवी यकृतपेशींनी घेतली आहे अशा उंदरांना तेच औषध दिले, तेव्हा ते आजारी पडले. साध्या उंदरांनी जे लपविले, ते या उंदरांनी उघड केले. १९९३ च्या चाचणीआधी ‘हे औषध विषारी आहे काय’ असा ढोबळ प्रश्न साध्या उंदराला विचारला गेला होता. ‘मानवी यकृतपेशीला हे विषारी आहे काय’ हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो ज्याला विचारता येईल असा उंदीर तेव्हा अस्तित्वात नव्हता.

तिसऱ्या वक्त्याने, म्हणजे विज्ञानाच्या नावाने बोलणाऱ्याने, अमेरिकेने प्राण्यांवरील चाचण्या कायद्याने बंद केल्या असे ठणकावून सांगितले. हे चुकीचे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे जो कायदा झाला, त्याने नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली. बंदी घातली नाही. आपल्याकडेही २०२३ मध्ये औषध-चाचणीच्या नियमांत अन्य पद्धतींना वाव देणारी दुरुस्ती झाली. याचे मी मनापासून स्वागत करतो. मानवी यकृतपेशी एका छोट्या पट्टीवर वाढवून त्यांच्यातून द्रव वाहता ठेवायचा, या ‘लिव्हर चिप’ने २०२२ च्या एका अभ्यासात २७ औषधांपैकी यकृतास घातक असलेल्या औषधांतील ८७ टक्के बरोबर ओळखली. जिथे चिपने भागते तिथे उंदीर मारणे हा अपराध समजावा. पण बोस्टनच्या प्रयोगात यकृत बहिरे झाले आणि वाढले ते स्वादुपिंड. एका अवयवातील बिघाडाची वार्ता दुसऱ्या अवयवाला पोचली कशी, हा तिथला प्रश्न होता. पट्टीवर यकृत आहे; ज्याला वार्ता पोचायची ते स्वादुपिंड, मधले रक्त, भूक, उपास, झोप यांतले काही नाही.

इथवर मी प्रयोगशाळांचा वकील वाटलो असेन. आता त्यांच्याच नस्त्या उघडतो.

‘यकृत-विशिष्ट’ हे विशेषण शोधनिबंधांच्या शीर्षकांत ज्या सढळपणे वापरले जाते, ते मला मान्य नाही. ज्यांनी अल्ब्युमिनची कात्री घडविली, त्यांनीच २००० मध्ये मोजून सांगितले की जन्माच्या वेळी सुमारे ४० टक्केच काम झालेले असते, तीन आठवड्यांनी सुमारे ७५ टक्के, आणि जवळजवळ पूर्ण होण्यास सहा आठवडे लागतात. म्हणजे चार आठवड्यांच्या उंदरावर प्रयोग करणारा अर्धवट कापलेल्या यकृतावर बोलत असतो. शिवाय यकृत म्हणजे केवळ त्या मुख्य पेशी नव्हेत. पित्तनलिकांच्या, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या, जंतू गिळणाऱ्या, आणि यकृत घट्ट करणारे तंतू विणणाऱ्या अशा निरनिराळ्या पेशी तेथे नांदतात. मद्यपानाने किंवा चरबीने यकृत घट्ट होते त्यात या शेवटच्या पेशींचा हात मोठा. अल्ब्युमिनची कात्री त्यांना शिवतही नाही. तेव्हा ‘यकृतातून जनुक काढले आणि काही झाले नाही’ या वाक्याचा खरा अर्थ कित्येकदा ‘एका प्रकारच्या पेशीतून काढले’ एवढाच असतो. असे लिहिण्यास कोणाची हरकत होती?

याहून गंभीर आक्षेप तुलनेचा आहे. खुणांचा उंदीर आणि कात्रीचा उंदीर यांची जोडी लावली की पहिल्या पिढीत हवा तो उंदीर मिळत नाही, कारण खुणा जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीलाच लागलेल्या असतात. त्यातील कात्रीवाला घेऊन पुन्हा खुणांच्या वंशाशी जोडला की त्या वेतातील सरासरी चारांतले एक पिल्लू कामाचे निघते. उरलेल्या तिघांत एकाजवळ खुणा दोन्ही प्रतींना आहेत पण कात्री नाही. बहुतेक प्रयोगांत तुलनेसाठी त्यालाच घेतात. हे सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. कात्री हे परके प्रथिन. ते स्वतःच काही बिघडवीत असेल तर? ते पाहण्यास कात्री आहे पण खुणा मुळीच नाहीत असे पिल्लू हवे, आणि या जोडीत ते जन्मालाच येत नाही! त्यासाठी निराळी जोडी, निराळे पिंजरे, निराळा खर्च. म्हणून पुष्कळ ठिकाणी ते टाळले जाते.

ही शंका कागदी नाही. शेजारच्या स्वादुपिंडाच्या संशोधनात इन्शुलिनच्या जनुकाशी जोडलेली एक कात्री वर्षानुवर्षे वापरात होती. २००६ मध्ये असे दिसून आले की कोणतेही जनुक कापलेले नसताना, केवळ ती कात्री असलेल्या उंदरांतही साखर हाताळण्याची क्षमता बिघडलेली असते. २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. अशा काही प्रचलित उंदरांत बाहेरचे जनुक नीट चालावे म्हणून मानवी वाढ-संप्रेरकाच्या जनुकाचा तुकडा जोडलेला होता. तो तुकडा निमूट न राहता स्वतःच संप्रेरक बनवीत होता आणि स्वादुपिंडाच्या पेशी बदलून टाकीत होता. त्याआधी त्या उंदरांवर काढलेल्या निष्कर्षांपैकी किती कापलेल्या जनुकाचे आणि किती त्या तुकड्याचे? तशीच गोष्ट काळ्या जातीच्या दोन शाखांची. एका शाखेत मायटोकॉन्ड्रियाचे एक जनुक मुळातच तुटलेले आहे आणि त्यामुळे तिच्यात इन्शुलिन कमी स्रवते. दुसरीत ते शाबूत आहे. प्रयोगाचे उंदीर एका शाखेचे आणि तुलनेचे दुसरीचे घेतले, तर मधुमेहाच्या प्रयोगाचा निकाल आधीच लागलेला असतो. सरकारी लेखापरीक्षणात दोन निरनिराळ्या वर्षांच्या दरपत्रकांची तुलना करून बचत दाखविणाऱ्यास काय शेरा मिळतो, ते या व्यवसायातील सेवानिवृत्त वाचकांना ठाऊक आहे.

घाईचे फळ काय असते तेही पाहू. यकृत बहिरे झाले की स्वादुपिंड वाढते, तर यकृताकडून कोणता तरी संदेश जात असला पाहिजे. तो संदेश सापडला तर मधुमेहावर मोठेच साधन हाती येईल. एप्रिल २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका नामांकित प्रयोगशाळेने ‘बीटाट्रोफिन’ नावाचे संप्रेरक जाहीर केले. उंदराच्या यकृतात त्याचे जनुक जादा घातल्यावर इन्शुलिन बनविणाऱ्या पेशींचे विभाजन सरासरी सतरा पटींनी वाढले, असा दावा होता. जगभरच्या वृत्तपत्रांनी तो उचलला. रोजच्या इन्शुलिनऐवजी आठवड्याला किंवा महिन्याला एक टोचणी पुरेल, अशी आशा पसरली. रोज पोटात सुई टोचून घेणाऱ्या माणसाला त्या बातमीने काय वाटले असेल, याची कल्पना ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी करावी. पुढच्याच वर्षी एका औषधकंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या संप्रेरकाचे जनुक बाद केलेले उंदीर तपासले. त्यांच्या इन्शुलिन-पेशी गरज पडल्यावर इतरांइतक्याच वाढत होत्या. जनुक जादा घालूनही फरक पडला नाही. मूळ लेखकांनी अधिक उंदरांवर प्रयोग पुन्हा केले, परिणाम टिकला नाही, आणि डिसेंबर २०१६ मध्ये निबंध मागे घेण्यात आला.

या प्रकरणात चुकीचा दावा थोड्या उंदरांच्या, फार विखुरलेल्या आकड्यांवर उभा राहिला, आणि तो पाडला तो नॉकआऊट उंदरांनी. त्याच काळात बोस्टनमध्ये, यकृताचा रिसेप्टर काढलेल्या मूळ उंदरांवर काम करणाऱ्या रोहित कुलकर्णी यांच्या गटाने तो संदेश शोधण्याचे काम सावकाश चालू ठेवले होते. २००० च्या निबंधाच्या लेखकांतही त्यांचे नाव आहे. २०१६ मध्ये त्यांनी यकृतातून निघणारे ‘सर्पिन बी१’ हे प्रथिन पुढे आणले, आणि उंदरांबरोबर झेब्राफिश व मानवी पेशींवरही त्याचा परिणाम दाखविला. त्यातून औषध निर्माण झालेले नाही. त्याची बातमीही तितक्या मोठ्या अक्षरांत आली नाही.

आमच्या वेळी महाविद्यालयात प्रत्येक विद्यार्थ्यापुढे एक बेडूक येई. त्याच्या पोटात काय आहे ते पुस्तकात छापलेले असे, फलकावर काढलेले असे, आणि शेजारच्या विद्यार्थ्याच्या ताटलीतही उघडे असे. विचारण्यासारखा प्रश्नच शिल्लक नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे ती प्रथा बंद केली ते उत्तम झाले. प्रश्न नसताना मारलेला बेडूक आणि प्रश्न असूनही कच्च्या तुलनेने वाया घालविलेला उंदीर यांत मला फार अंतर दिसत नाही. प्राणिदयेच्या सभांत मात्र या दुसऱ्या प्रकाराविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही, कारण त्यासाठी निबंधातील तक्ता वाचावा लागतो.

आणि हा तक्ता वाचण्याची जागा आपल्याला कायद्याने दिलेली आहे. प्राणी-क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० चे कलम १४ नव्या ज्ञानासाठी किंवा जीव वाचविण्यासाठी केलेल्या प्रयोगांना मोकळीक देते. परंतु त्याच अधिनियमाखाली केंद्राची देखरेख समिती आहे, आणि तिच्या नियमांनुसार प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत एक नीती-समिती असावी लागते. तिच्यात शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, बाहेरच्या संस्थेचा शास्त्रज्ञ असतो, आणि विज्ञानाबाहेरचा, सामाजिक जाण असलेला असा एक सदस्यही असतो. म्हणजे निवृत्त प्राध्यापक, वकील, अधिकारी. म्हणजे आपल्यापैकीच कोणी. हा सदस्य बैठकीत चहा घेऊन स्वाक्षरी करतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती खोटी पाडणे त्याच्याच हाती आहे, आणि त्यासाठी त्याला जीवशास्त्राची पदवी लागत नाही.

जनुक कोणत्या पेशींतून काढणार आणि ते निघाले हे मोजून दाखविणार काय, एवढे तो विचारू शकतो. कोणत्या वयाच्या उंदरांवर प्रयोग करणार, हेही विचारू शकतो. नुसती कात्री असलेले उंदीर तुलनेस ठेवले आहेत काय, दोन्ही गट एकाच शाखेचे आणि एकाच वेताचे आहेत काय, हा प्रश्न चिपवर किंवा आधीच साठविलेल्या ऊतींवर सुटला नसता काय, हे विचारण्यास मराठी, हिंदी, कोणतीही भाषा पुरते. आणि अर्जात उंदरांची जी संख्या लिहिलेली असते, ती बहुधा कामाच्या उंदरांची असते. ज्या वेतातून ते आले, त्या वेतातील उरलेल्या तीन पिल्लांचे काय केले, ती तुलनेस वापरली, दुसऱ्या प्रयोगास दिली की जन्मताच संपविली, हे अर्जदाराला विचारावे. आणि उत्तर तोंडी न घेता इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.